ताटं कोण धुणार?



माघात आमच्या महिला मंडळात मी एक छोटंसं भाषण केलं. विषय मीच निवडला होता, 'कमी कचऱ्याचं घर'. पंधरा मिनिटांत प्लास्टिक, पाणी, ओला कचरा, साबण, कपडे, सगळं उरकलं. टाळ्या झाल्या, तिळाच्या वड्या वाटल्या (त्या प्लास्टिकच्या पिशवीतून आल्या होत्या, हे घरी आल्यावर लक्षात आलं) आणि विषय संपला असं मी धरून चालले.

तो संपला नव्हता. पुढचे दोन महिने बस्तीच्या पायरीवर, भाजी घेताना, एकीच्या डोहाळजेवणात, अगदी डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावरसुद्धा बायका मला गाठून त्या भाषणाला उत्तरं देत राहिल्या. कुणी कौतुकानं, कुणी टोमणा मारून. खरं सांगते, ती उत्तरं माझ्या भाषणापेक्षा चांगली होती. म्हणून आज त्या उत्तरांबद्दल लिहिते.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते हे: "अगं, हे आपण करतच आलोय की! जगाला आत्ता कळायला लागलंय." म्हणणारीच्या चेहऱ्यावर जो अभिमान असतो तो मलाही ठाऊक आहे, कारण तो माझ्याही चेहऱ्यावर असतो. आणि त्यात खोटं काही नाही. आपण पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो, पानात टाकत नाही, चातुर्मासात पालेभाजी सोडतो. माझ्या सासूबाई विहिरीवर पाणी गाळल्यावर गाळणं उलटं करून त्यावरून गाळलेलंच पाणी सोडत आणि ती जीवाणी बादलीतून थेट पाण्यापर्यंत खाली उतरवत. वरून ओतायची नाही, जिवांना आपटायचं नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जीव परत. एवढी काळजी दुसरीकडे कुठे घेतली जात असेल असं मला वाटत नाही.

पण मैत्रिणींनो, आज विहीर कुठे आहे? गाळणं आहे, ते नळाच्या तोंडाला बांधलेलं आहे. त्याच्याशेजारी भिंतीवर आरओचं यंत्र आहे, आणि त्याची दुसरी नळी मुकाट बेसिनमध्ये सोडलेली आहे. यंत्र कसं आहे त्यावर कमी-जास्त होतं, पण घरगुती यंत्रातून एक तांब्या प्यायचं पाणी मिळवताना बरेचदा त्याहून जास्त पाणी त्या नळीतून वाहून जातं. माझ्याही घरी सात वर्षं जात होतं. आता खाली बादली असते, ते पाणी फरशीला आणि संडासात वापरते. सात वर्षं मी गाळणं नेमानं धूत होते आणि त्या नळीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या प्रमादचर्येचा अर्थ मला आता या वयात नीट कळायला लागलाय. कारण नसताना जमीन खणणं, पाणी वापरणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं, झाडपाला तोडणं, आणि कारण नसताना हिंडणं व दुसऱ्याला हिंडवणं. हे शेवटचं वाचलं की मला आमच्या दारात केसांच्या एका क्लिपसाठी येणारा पार्सलवाला पोरगा आठवतो. उन्हात गाडी काढून तो येतो, त्या क्लिपभोवती हातभर फुगेवालं प्लास्टिक असतं, आणि क्लिप पसंत नसली तर तो परतही न्यायला येतो. आपण हिंडत नाही, हे खरं. हिंडवतो.

तेव्हा 'आपण करतच आलोय' हे वाक्य मी स्वतःपुरतं बंद केलंय. आपल्या आज्या करत होत्या. माझ्या कपाटात त्या भाषणानंतर मी साड्या मोजल्या, चौऱ्याण्णव निघाल्या. परिग्रहपरिमाणाचा नियम मी लग्नानंतर एकदा घेतला होता, त्यातला आकडा इथे लिहायची मला लाज वाटते.

दुसरं उत्तर माझ्या भाषणानं केलेल्या घोटाळ्याचं आहे. मी म्हणाले होते, स्वयंपाकघरातलं प्लास्टिक कमी करा. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी ते मनावर घेतलं. आठवड्याच्या आत सव्वीस प्लास्टिकचे डबे घंटागाडीत गेले आणि तेवढ्याच काचेच्या बरण्या आल्या, सगळ्या एका मापाच्या, लाकडी झाकणांच्या. त्यांनी मला खास बघायला बोलावलं. फळी सुंदर दिसत होती, चहाही छान होता, आणि मला काय बोलावं ते कळेना. ते डबे अजून दहा वर्षं टिकले असते. त्यांनी ते टाकले कारण मी ओझरतं काहीतरी बोलून गेले होते. डाळ ठेवलेला जुना प्लास्टिकचा डबा काही पाप करत नसतो. पाप, म्हणायचंच तर, नवा घेण्यात आहे, मग तो काचेचा असो की बांबूचा. हल्ली 'पर्यावरणपूरक' म्हणून जे काही विकायला येतं त्यातलं निम्मं न घेणं हेच जास्त पूरक आहे. वहिनी हे वाचतील. वहिनी, चूक माझी होती.

आता ओल्या कचऱ्याबद्दल. इथे मला सगळ्यात जास्त विचारणा झाली आणि इथेच मी सगळ्यात कच्ची होते.

भाषणात मी सहज म्हणाले की सालं, देठं घंटागाडीत न टाकता घरीच खत करा. दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळातल्या एक काकू, रोज स्वाध्याय करणाऱ्या, बस्तीत मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू जे सांगितलंस त्यात त्रस जीव किती होतात, विचार केलायस का? अळ्या होतात, किडे होतात. मग ते हलवायचं, चाळायचं, उन्हात टाकायचं. आपण पाण्यातला जीव वाचवायला गाळणं बांधायचं आणि गच्चीत मडक्यात जीव तयार करून मारायचे?"

मी गप्प बसले. उत्तर नव्हतं माझ्याकडे. आणि 'हे जुन्या लोकांचं आहे' असं म्हणून सोडून देण्यासारखा तो प्रश्न नाही. आपल्या घरात अहिंसा म्हणजे पहिल्यांदा हीच, डोळ्यांना दिसणारा बारीक जीव.

बरेच दिवस मी यावर विचार केला. मला जे पटलं ते सांगते, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. पहिलं म्हणजे सालं माझ्या मडक्यात टाकली नाहीत तर ती नाहीशी होत नाहीत. ती घंटागाडीत जातात, तिथून गावाबाहेरच्या ढिगावर. तिथे जीव होत नाहीत का? माझ्या मडक्यात होतात त्याच्या कितीतरी पट होतात. शिवाय त्या ढिगात हवा जात नाही, आतल्या आत कुजून मिथेन वायू होतो, ढीग पेटतात, तेव्हा त्यातलं सगळं जिवंत जळतं. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलेलं शिळं अन्न गाय पिशवीसकट खाते, हे तर आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे हिंसा टळली नाही, फक्त माझ्या नजरेआड गेली. न दिसणारी हिंसा आपल्याला लागत नाही असं आपल्या धर्मात कुठे म्हटलंय? उलट करणं, करवून घेणं आणि संमती देणं, कृत-कारित-अनुमोदना, तिन्ही आपण एका रांगेत धरतो.

दुसरं, गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची असते. चूल, केर, दळण-कांडण यांत होणारी आरंभी हिंसा त्याला पूर्ण सुटत नाही, ती जपून, कमी करत न्यायची असते. मडकं हे मला त्या दुसऱ्या खात्यातलं वाटतं. पण मग जपून म्हणजे कसं, ते ठरवायला हवं. मी गांडुळं विकत आणून घालत नाही. जीव विकत घेऊन कामाला लावणं मला नको वाटतं. ओलं जेवढं तेवढाच कोरडा पाला, म्हणजे घाण सुटत नाही आणि अळ्या फारशा होत नाहीत. अळ्या होतात त्या ओलं जास्त झालं की. शिजलेलं अन्न अजिबात नाही, कारण ते मुळात उरायलाच नको. आणि खुरप्यानं उलथापालथ नाही. एक मडकं भरलं की झाकून चार महिने विसरायचं, दुसरं घ्यायचं. उशीर लागतो. लागू दे.

तिसरं काकूंनाच सांगितलं, आणि ते ऐकून त्या हसल्या. आपण शिरोळ, वाळवा, हातकणंगल्याकडची शेतकरी माणसं. माझ्या माहेरी परड्यात मोठा उकिरडा होता. शेण, गोठ्यातला केर, पाला, राख, सगळं त्यात. वर्षातनं एकदा बैलगाडीनं रानात जायचं. माझी आजी रात्री पाणीसुद्धा न घेणारी, आणि त्या उकिरड्याबद्दल तिला कधी शंका आली नाही. काकू म्हणाल्या, "माझ्याही माहेरी होता." मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "पण तरी मी मडकं ठेवणार नाही." ठीक आहे. त्या देठं-सालं समोरच्या गोठ्यात म्हशीला घालतात. ते माझ्या मडक्यापेक्षा बरंच आहे.

उकिरड्यावरून आठवलं. एका उत्तरानं मला फार टोचलं. शिरोळ तालुक्यात दिलेली माझी एक मावसबहीण म्हणाली, "तू मला तांब्याभर पाणी वाचवायला सांगतेस. आमच्या रानात रात्री लाईट आली की मोटार चालू करून माणसं झोपतात. सकाळी ऊस गुडघाभर पाण्यात." तिच्या सासरची तीन एकर जमीन क्षारपड झालीय. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या कितीतरी काळ्या रानांचं असंच झालंय. वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी, निचरा नाही, खालचे क्षार वर आले, आता तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. काहींनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून पाण्याचा निचरा केला आणि रानं पुन्हा पिकाला आणली, पण त्याला पैसा लागतो आणि शेजारपाजारच्या सगळ्यांनी मिळून करावं लागतं. "ह्या सगळ्यात माझा तांब्या कुठं बसतो?" असं तिनं विचारलं.

बसतो की नाही, मला माहीत नाही. पण एक कळलं. पर्यावरणाचं सगळं बोलणं आपण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत आणून ठेवलंय, कारण तिथे बायका असतात आणि बायकांना सांगणं सोपं असतं. रानात किती पाणी सोडायचं, ठिबक घालायचं की नाही, गाडी कुठली घ्यायची, लग्नात किती पानं उठवायची, हे ठरताना तिला कुणी विचारत नाही. दशलक्षणात उत्तम संयमाच्या दिवशी पंडितजींनी एकदा रात्री चालू राहणाऱ्या त्या मोटारीवर बोलावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पुरुष समोर बसलेले असताना.

कापडी पॅडबद्दल मी भाषणात एकच वाक्य बोलले होते, तेही आवाज खाली करून. त्यावर एका नवीन सुनेनं मला मेसेज केला: काकू, वापरायचे आहेत, पण वाळवू कुठे? गच्चीत सासरे योगासनं करतात, गॅलरी रस्त्याकडे. ओले पॅड बाथरूमच्या दाराआड वाळवले तर आजार होतो. मी तिला म्हटलं, मग नको वापरूस, जे वापरतेस ते कागदात गुंडाळून वेगळं दे, कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला लागू नये एवढं बघ. तिच्या सासूला मात्र मी गाठणार आहे. सासू माझी मैत्रीण आहे. गच्चीत एक दोरी सुनेच्या नावची असायला काय हरकत आहे?

आणि आता ताटं.

फाल्गुनाच्या अष्टान्हिकेत आमच्या बस्तीत सिद्धचक्र विधान झालं. आठ दिवस रोज दुपारी जेवण, दीडेकशे पानं, शेवटच्या दिवशी चारशेच्या पुढे. दरवर्षी चंदेरी कागदी प्लेटा असतात. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायची प्लास्टिकची ताटं-वाट्या-चमचे देशभर बंद झाले, तेव्हापासून आम्ही 'कागदी' घेतो आणि समाधानी असतो. त्या कागदावर आमटी गळत नाही ती कशामुळे, हे कुणी विचारत नाही. वर प्लास्टिकचा पातळ थर असतो म्हणून.

गंमत म्हणजे बस्तीच्या भांडारात स्टीलची तीनशे ताटं कुलपात पडून आहेत. लोकांनी दान दिलेली, प्रत्येकावर नाव कोरलेलं. त्यात माझ्या चुलतसासऱ्यांचंही आहे. मी कमिटीपुढे गेले आणि म्हटलं, यंदा ही काढू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणाले, "फार चांगला विचार. महिला मंडळानं जबाबदारी घ्यावी." मी हरखून हो म्हणाले.

पहिल्या दिवशी दीडशे ताटं, वाट्या, पेले. उष्टं दोन घटकांच्या वर ठेवायचं नाही, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत सगळं धुऊन व्हायला हवं. आम्ही सात जणी मागच्या नळावर उन्हात बसलो. आतून महाराजांच्या प्रवचनाचा आवाज येत होता, नळाच्या आवाजात एकही शब्द कळत नव्हता. दुसऱ्या दिवशी पाच जणी आल्या. तिसऱ्या दिवशी चार, आणि त्यातली एक, दोन लहान मुलं असलेली, हातातलं ताट खाली ठेवून मला म्हणाली, "वहिनी, मी वर्षातनं आठ दिवस घर सोडून प्रवचनाला येते. इथं पण भांडीच घासू? तुमचं पर्यावरण आमच्या कंबरेवर चाललंय."

मैत्रिणींनो, मला रडू आलं, आणि रागही आला, आणि ती बरोबर होती. घरी प्लेटा आणणारे पुरुष, इथे ठराव करणारे पुरुष, ताट पुढ्यातून उचलून नेणाऱ्या बायका. पृथ्वीचं ओझं हलकं झालं असेल थोडं, पण ते उचलून आम्ही तिच्या पाठीवर ठेवलं होतं. आणि कृत-कारित-अनुमोदना सारखी म्हणायची, तर मग कृत तेवढं बायकांचं आणि अनुमोदना तेवढी पुरुषांची, अशी वाटणी कुणी केली?

त्या संध्याकाळी मी अध्यक्षांना सांगितलं, उद्यापासून मंडळ ताटं धुणार नाही. ज्याचं ताट त्यानं धुवायचं. नाही जमलं तर कागदी आणा, मी तक्रार करणार नाही. थोडी कुरकुर झाली. मग चौथ्या दिवशी मांडवाच्या कडेला तीन मोठी घमेली ठेवली, पहिल्यात राख आणि रिठ्याचं पाणी, पुढच्या दोन्हीत साधं. पानात काही उरू न देता ताटात पाणी घालून पिऊन टाकायची पद्धत काही घरांत आहे, ती ज्यांना जमली त्यांनी केली, त्यामुळे पहिलं घमेलं लवकर घाण झालं नाही. घमेल्यांतलं पाणी मागच्या नारळांना गेलं.

सगळे धुत होते का? नाही. काही पुरुष ताट तसंच पंगतीत ठेवून उठले, हातपण दुसऱ्या नळावर धुतले. एका गृहस्थांनी आपलं ताट बायकोकडे दिलं, तिनं दोन्ही धुतली, तिला काय म्हणणार. पण पाचव्या दिवशी एक निवृत्त मास्तर घमेल्याशी स्टूल टाकून बसले आणि लहान पोरांना ताटं कशी विसळायची ते शिकवायला लागले. पोरांना मजा वाटली, रांग लागली. बापांना मग पर्याय राहिला नाही. आणि आम्ही सगळ्या आत, प्रवचनाला.

शेवटच्या दिवशी चारशे पानांना ताटं पुरली नसती. तेव्हा निम्म्या लोकांना सुपारीच्या झापाची ताटं दिली. झाडावरून आपोआप गळून पडलेलं झाप दाबून ती करतात, पान तोडावं लागत नाही, हे काकूंना फार आवडलं. जरा महाग पडली. हिशेबात त्यावरून थोडी बोलाचाली झाली.

आषाढातल्या अष्टान्हिकेसाठी घमेली आणखी दोन घ्यायची आहेत. चमचे अकरा कमी भरलेत, ज्यांच्या घरी चुकून गेले असतील त्यांनी भांडाराच्या खिडकीत ठेवून जावे, नाव विचारणार नाही. आणि धुण्याच्या पाळीसाठी यादी लागली आहे. तिच्यात पहिली सहा नावं पुरुषांची आहेत, त्यातलं एक आमच्या घरातलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.